ह्यांच्या आवाजाला झोप नाही

७ ऑक्टोबर, सोमवार

परत तेच! बॅगेची चेन उघडली तर आतून गरम झळ. सकाळी झाकण मीच लावलं होतं, बॅगेत मीच ठेवला होता. दवाखान्यात डॉक्टरांसमोर ह्यांनी लॅपटॉप उघडला — काळा पडदा. बटण दाबलं. धरून ठेवलं. काही नाही. बॅटरी पार संपलेली आणि अंग इस्त्रीसारखं तापलेलं. झाकण लावलं की याने झोपायला हवं. हा झोपतच नाही. बॅगेच्या अंधारात जागा राहतो आणि स्वतःला संपवतो.

मार्चच्या ऑपरेशनमध्ये ह्यांचं स्वरयंत्र काढलं तेव्हापासून हा लॅपटॉप म्हणजेच ह्यांचा घसा. हे टाइप करतात, तो बोलतो. तो मेला की हे मुके.

डॉक्टर विचारत होते आणि उत्तरं मी देत होते. गिळताना अडकतं का — क्वचित. झोप — लागते. चिडचिड — नाही हो. हे खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर लॅपटॉपला वायर लावली. जिवंत झाला. ह्यांचं पहिलं वाक्य: "माझं तू बोलत जाऊ नकोस."

त्या यंत्राचा आवाज बातम्या देणाऱ्याचा. चहा मागितला तरी वाटतं कुठेतरी भूकंप झालाय. पण आजचं वाक्य त्या आवाजातसुद्धा लागलं. खरंच होतं ते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

ड्रायव्हिंग स्कूलचा मालक आला होता. हा मुलगा एकेकाळी ह्यांच्याच हाताखाली गाडी शिकला. आता शाळा त्याची आणि हे त्याच्याकडे नोकरीला — म्हणजे होते. ह्यांनी निम्म्या शहराला गाडी शिकवलीय. आम्ही रस्ता ओलांडायला थांबलो की कुणीतरी गाडी हळू करतं, हात करतं. मी विचारते कोण. "क्लच सोडायला घाबरायची ती" किंवा "आरसा न बघणारा" — एवढीच ह्यांच्याकडे ओळख. नावं लक्षात राहत नाहीत.

मालक म्हणाला, गाडीतलं शिकवणं राहू द्या, पण शनिवारी वर्गात शिकवाल का? रस्त्याचे नियम, खुणा, वळणं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारपासून, एकामागून एक तीन बॅचेस. लॅपटॉप स्पीकरला जोडून देतो म्हणाला.

ह्यांनी टाइप केलं, "विचार करतो."

तो गेल्यावर पाहिलं, तर आतल्या खोलीत निळ्या शर्टाला इस्त्री चालली होती. विचार झालेला दिसतोय!

पण वर्गात टेबलाजवळ प्लग नाही. आणि तिकडे जायचं म्हणजे लॅपटॉप बॅगेतून जाणार. बॅगेत हा झोपला नाही तर पहिल्या बॅचलाच राम म्हणेल. चाळीस पोरांसमोर.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मुलाला फोन केला. म्हणाला, आई, जुना झालाय तो, नवीन घेऊ. मी इथूनच मागवतो.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं, मग सावकाश टाइप केलं आणि फोनला ऐकवलं: "आवाज एकदा बदलून झालाय. पुन्हा नाही."

 नंतर मुलाने मला हळूच सांगितलं की नवीन मशीनवर हाच आवाज टाकता येतो. येत असेल. पण ह्यांनी या यंत्राला महिनोन्महिने शिकवलंय. ते शब्द चुकीचे उच्चारतं म्हणून कुठे अक्षर दुप्पट लिहून ठेवलंय, कुठे तोडून. ठरलेली वाक्यं एकेका बटणावर बसवली आहेत. घर लावल्यासारखं लावलंय ते. मला ह्यांचं म्हणणं कळतं.

मुलाने दोन गोष्टी मात्र समजावल्या. स्लीप म्हणजे यंत्राचा डोळा लागतो — हाक मारली की उठतं, पण थोडी बॅटरी खातं. हायबरनेट म्हणजे गाढ झोप — जे चाललंय ते सगळं नोंदवून ठेवून पूर्ण बंद, बॅटरी खात नाही. आपल्या लॅपटॉपला दोन्ही येत नाहीत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दुरुस्तीवाल्याकडे नेला. चांगला माणूस. बॅटरी तपासली — ठणठणीत. झाकण लावल्यावर काय करायचं ती सेटिंग दाखवली — झोप, असंच लिहिलेलं. पंखा साफ करून दिला. मग म्हणाला, आठवडाभर ठेवून जा, सगळं पुसून नव्याने भरतो, त्याशिवाय खात्री नाही.

सगळं पुसून! आणि आठवडाभर!

मी म्हटलं, तुम्ही आठवडाभर न बोलता राहाल का. त्याला काही कळेना. मग ह्यांनी मफलर जरा खाली करून गळा दाखवला. बिचारा ओशाळला. लॅपटॉप फडक्याने पुसून दोन्ही हातांनी परत दिला.

येताना मी ठरवलं. मीच बघते.

१३ ऑक्टोबर, रविवार

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते, एवढंच माझं काम. पण नवा चष्मा घालून कुणाचं डोकं दुखायला लागलं, तर तो परत माझ्याच टेबलावर येतो. तेव्हा एकदम सगळं बदलायचं नसतं. आधी एक डोळा. मग दुसरा. मग नाकावरचा टेकू. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

तसंच केलं. मेनूतून झोप दिली. पडदा विझला, पंखा घुं-घुं चालूच. माऊस काढून बघितलं. तेच. इंटरनेट बंद करून. तेच. स्पीकर काढून, छापायचं यंत्र काढून, सगळ्या वायरी काढून — तेच! नागडा केला तरी जागा.

गाढ झोप दिली तर काही तरी करतोय असं दाखवतो आणि उठून परत समोर. मुलगा लहान असताना अगदी असाच करायचा. डोळे मिटलेले, पापण्या मात्र फडफडतायत.

हे बाजूला बसून बघत होते. मला वाटलं मदत करतील. पुस्तक उघडून बसले, पण पान उलटत नव्हते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात काम फार. लॅपटॉपला हात लावला नाही. उगीच चिडचिड.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मुलाचा फोन आला, स्वतःहून! ऑफिसात कुणाला तरी विचारलं म्हणे. एक काळी खिडकी उघडायची, त्यात एक ओळ टाइप करायची. मग लॅपटॉप स्वतःच सांगतो की त्याला कोण झोपू देत नाही.

फोन खांद्यात धरून मी एकेक अक्षर टाइप केलं. पॉवर, मग सी-एफ-जी, मग जागा सोडायची, मग तिरकी रेघ. म्हणाला, तुला अधिकार नाहीत. म्हणजे लॅपटॉप म्हणाला! मुलगा हसला, आई, उजवं बटण दाबून मालकाच्या अधिकाराने उघड. उघडली. माझ्या घरात मलाच अधिकार मागायला लावतो मेला.

उत्तर आलं. पडदा — कोणी नाही. असं खालपर्यंत, कोणी नाही, कोणी नाही. एकाच ठिकाणी ओळ होती. मुलाला वाचून दाखवली. त्याने अर्थ सांगितला: आवाज वापरात आहे.

मी म्हटलं, कसला आवाज? इथे चिडीचूप आहे.

स्पीकरला कान लावला. काही नाही. तरी ओळ तिथेच. कुणीतरी गप्प बसून आवाजाचं दार उघडं धरून ठेवलंय.

मुलगा म्हणाला, तू अर्धं काम केलंस, आई. दिवसभर दुकानात मी उगीच ताठ चालत होते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सापडला!

एकेक प्रोग्राम बंद करत गेले. प्रत्येक वेळी काळ्या खिडकीत तीच ओळ टाइप करून विचारलं. मेल बंद — ओळ आहे. ह्यांचा पत्त्यांचा डाव बंद — ओळ आहे. बातम्या, फोटो, सगळं बंद — आहेच. शेवटी एकच प्रोग्राम उरला. तो बंद केला आणि विचारलं. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही!

झाकण लावलं. पंखा थांबला. कडेचा छोटा दिवा हळूहळू मिणमिणायला लागला, श्वास घेतल्यासारखा. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मग लक्षात आलं की शेवटी उरलेला तो प्रोग्राम म्हणजे बोलणारा. ह्यांचा आवाजच त्याला झोपू देत नव्हता.

ह्यांना सांगायला वळले तर ह्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही. बोलणारा प्रोग्राम मी बंद केलेला, म्हणून कागद ओढून लिहिलं — "ती खूण मीच केली आहे."

मी विचारलं, कसली खूण.

मग पानभर लिहून दाखवलं. उन्हाळ्यात हा लॅपटॉप ह्यांच्या प्रत्येक बोलण्यातलं पहिलं अक्षर खायचा. स्पीकर गप्प असला की डुलकी काढतो. बोलायला लागलं की जागा व्हायला त्याला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढ्यात पहिलं अक्षर जातं. मला आठवलं! "नाही"चं "ही" व्हायचं. नर्सने विचारलं दुखतंय का, तर "ही". ती विचारायची, कोण ही? आणि नणंदबाईंनी फोनवर विचारलं होतं, महिनाभर राहायला येऊ का सोबतीला? हे म्हणाले "नको". तिकडे ऐकू गेलं "को". त्यांनी ते "हो" धरलं आणि दोन पेट्या घेऊन हजर. महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या सगळ्या बरण्यांच्या जागा बदलल्या.

तेव्हा ह्यांनी एकट्याने शोधून सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण केली होती. 'आवाज कायम जागा ठेव.' तेव्हापासून प्रोग्राम सतत शांतता वाजवत बसतो, म्हणजे स्पीकरला झोप लागू नये. त्यापायी अख्खा लॅपटॉप जागा.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत इतके दिवस? मी वेड्यासारख्या वायरी काढत बसले.

ह्यांनी लिहिलं, "खूण काढलीस तर तुला हाक मारताना पहिलं अक्षर जाईल."

 भांडी घासायला उठले.

२० ऑक्टोबर, रविवार

खूण काढून बघितली. आपल्या डोळ्यांसमोर काय होतं ते तरी कळू दे.

ह्यांनी टाइप केलं, "अगं, ऐकलंस का?" यंत्र म्हणालं, "गं, ऐकलंस का?"

आम्ही दोघंही हसलो. ह्यांचं हसणं आता बिनआवाजाचं — नुसते खांदे हलतात आणि गळ्यावरचा रुमाल उडतो. पण पुष्कळ दिवसांनी हलले.

मग कामाला लागलो — दोघं मिळून, एकमेकांशेजारी खुर्च्या ओढून. पहिल्यांदाच. सुरुवातीला दोनदा तेच अक्षर लिहून पाहिलं — "अअगं". ऐकायला भांडण काढल्यासारखं. मग वाक्याच्या आधी स्वल्पविराम टाकला — यंत्राने नुसता विचार केला आणि अक्षर खाल्लंच. मग सेटिंगमध्ये मला एक आकडा दिसला. 'कायम'च्या जागी किती वेळ जागं राहायचं ते सांगता येतं! म्हणजे बोलून झाल्यावर थोडा वेळ जागा राहा, नंतर झोप. तो आकडा भरला. आता बोलणं चालू असताना सगळी वाक्यं धड येतात. फक्त बऱ्याच वेळाने तोंड उघडलं तर पहिल्या वाक्याचं पहिलं अक्षर जातं.

तेवढं एक अक्षर. त्याच्यावर घोडं अडलं.

मी म्हटलं, वर्गात शिकवायला उभं राहिल्यावर तुम्ही आधी काय करायचात? पहिलं वाक्य म्हणायच्या आधी?

हे विचारात पडले. मीच सांगितलं — खाकरायचात. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हासुद्धा आधी खाकरलात, माझ्या आईने आत येऊन मला सांगितलं की मुलाला सर्दी आहे वाटतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एका बटणावर नवीन वाक्य बसवलं — "अहं." दाबलं. "हं," म्हणालं यंत्र. अक्षर गेलं, पण खाकरण्यातलं अक्षर गेलं काय नि राहिलं काय! आणि त्याच्या पाठोपाठ — "अगं, ऐकलंस का?"

अख्खं! "अ"सकट!

मी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. आजपर्यंत कधी मारली नव्हती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ह्यांनी एक दिवस कागद-पेनावर भागवायचं कबूल केलं, म्हणून लॅपटॉप झाकण लावून बॅगेत घालून दुकानात नेला. दिवसभर टेबलाखाली. संध्याकाळी घरी येऊन चेन उघडली. गार! दगडासारखा गार. बॅटरी जवळजवळ जशीच्या तशी.

गाढ झोपही येते आता. झाकण लावलं की आधी डोळा लागतो, तासाभराने पूर्ण बंद. मी ठरवलेलं आणि मीच बसवलेलं.

दुकानाच्या मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो का, छान. त्यांना काय कळणार यात किती छान आहे ते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज पुन्हा बॅग कोमट. 

पण आता मी रडत बसणारी राहिले नाही. काळी खिडकी. मुलाने सांगितलेली दुसरी ओळ — तुला शेवटचं कोणी उठवलं? उत्तर आलं: माऊस. तो बिनवायरीचा माऊस बॅगेत हिंदकळतो आणि त्याला उठवतो. माऊसला झोपलेल्याला उठवायची परवानगी होती, ती काढून घेतली. झालं. चहा निवायच्या आत!

ह्यांनी टाइप केलं, "अशी बायको शाळेत कामाला असती तर गाड्या कधी बंद पडल्या नसत्या."

बातम्यांच्या आवाजात कौतुक ऐकायची आता सवय होतेय.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

हे दोन दिवस धड जेवले नाहीत. शनिवारची वाक्यं लिहितात, खोडतात. मी विचारलं भीती वाटते का. मान हलवली, हो. मग टाइप केलं — गाडीत शेजारी बसलेला एकच असतो आणि तोच घाबरलेला असतो. वर्गात उलटं.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज सगळं लिहून ठेवायचंय.

मी शेवटच्या बाकावर. सोबत येऊ नको म्हणाले असते तरी गेले असते. वर्ग म्हणजे गॅरेजवरची खोली, भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचे तक्ते, खालून इंजिनांचा आवाज. चाळीस नव्हते, पण खोली भरलेली. बहुतेक सगळी कॉलेजची पोरं, दोन-तीन मोठ्या बायका, एक आजोबा.

मालकाने ओळख करून दिली आणि घाईने खाली गेला. मला वाटतं त्यालाही बघवत नव्हतं.

ह्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला. झाकण उघडलं.  दिवा लागला. उठला! लगेच, एका दमात, शहाण्यासारखा. ह्यांनी बटण दाबलं आणि स्पीकरमधून बातम्यांच्या आवाजात — "हं."

पोरं हसली. मागच्या कोपऱ्यात कुणीतरी नक्कल केली. माझे कान तापले. हे थांबले. हसू संपू दिलं. गाडीत नवीन माणूस गिअर घालताना घोळ घालतो तेव्हा थांबतात, अगदी तसेच. मग पुढचं बटण: "माझा घसा टेबलावर ठेवलेला आहे. त्याला कोणी धक्का लावू नये. हाच नियम रस्त्यावरच्या प्रत्येक घशाला लागू आहे."

परत हसली, पण हे हसू निराळं होतं. ह्यांच्या बाजूचं.

दुसऱ्या बॅचला एका पोरीने विचारलं, चौकात सिग्नल बंद पडला तर आधी कोणी जायचं? हे बटणावर नव्हतं. टाइप करायला लागले. खोलीत नुसती बटणांची टकटक. वेळ जात होता.  एकाने घड्याळाकडे पाहिलं. मग आवाज आला — "ज्याला घाई आहे त्याला आधी जाऊ द्या. तो पुढे कुठेतरी थांबणारच आहे. आत्ता माझ्यासाठी थांबलात ना, तसंच थांबायचं."

त्या पोरीने ते वहीत लिहून घेतलं. मी पाहिलं!

तिसऱ्या बॅचलाही बॅटरी पुरली. उरली. शेवटी सगळे उठायला लागले तसं ह्यांनी पुन्हा टाइप केलं आणि माझ्याकडे बघत बटण दाबलं — "शेवटच्या बाकावर माझी बायको बसली आहे. या यंत्राला झोप येत नव्हती. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. हिने झोपवलं."

सगळ्या माना मागे. त्या आजोबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मी तोंड लपवायला बॅगेत काहीतरी शोधायचं नाटक केलं. बॅग रिकामी होती.

शाळेत असताना एकदा रांगोळीत बक्षीस मिळालं होतं, त्यानंतर माझ्यासाठी टाळ्या आजच.

४ नोव्हेंबर, सोमवार

मुलाला सगळं सांगितलं. दोनदा. त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "आई, मी नवीन घे म्हणालो ते चुकलंच." मी म्हटलं जाऊ दे. पण मनातून किती बरं वाटलं!

दुरुस्तीवाल्याकडेही जाऊन आले. काय केलं ते सगळं त्याने नीट विचारून घेतलं, काळ्या खिडकीतली ओळ स्वतः टाइप करून बघितली. मला खुर्ची दिली. आता तिथून जाताना हात करतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दर शुक्रवारी ह्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जावं लागतं. स्वरयंत्र नसलं तरी हवा अन्ननलिकेत ओढून घ्यायची आणि ती वर आणताना शब्द काढायचा — असं शिकवतात त्या. म्हणजे सरळ सांगायचं तर ढेकर देऊन बोलायचं. ह्यांना ते मुळीच मान्य नाही. आयुष्यभर जेवताना तोंड मिटून खाणारा माणूस! पहिल्याच दिवशी टाइप करून सांगितलं होतं, चार लोकांत मी असले आवाज काढणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जातात, खोलीत जातात, अर्ध्या तासाने चेहरा पाडून बाहेर येतात. मी विचारणं सोडून दिलंय.

आज बाहेरच्या बाकावर एक बेकरीवाला भेटला. नुकतंच तेच ऑपरेशन. हातात पाटी आणि खडू. खांद्यावर अजून पीठ. त्याची बायको त्याच्या वतीने सगळ्यांशी बोलत होती, सारखी, न थांबता — त्याला काय हवं, काय नको, कसं वाटतंय. मला ती बाई माझ्या ओळखीची वाटली.

हे त्याच्याजवळ सरकले. लॅपटॉप उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. आधी खाकरायचं बटण दाखवलं. बेकरीवाल्याने एका बोटाने शोधत शोधत टाइप केलं, आणि यंत्र त्याच्या बायकोला म्हणालं, "तू फार दमली आहेस."

ती मध्येच थांबली. मग पदर तोंडाला लावून बसून राहिली.

येताना वाटभर लॅपटॉपची बॅग ह्यांनी मांडीवरच धरली होती. 

२३ नोव्हेंबर, शनिवार

वर्ग दुपारी संपतो, हे दिवेलागणीला आले. विचारलं तर टाइप केलं, "गाडीत बसलो होतो." गाडीत बसून काय करता एवढा वेळ? ह्यांनी लॅपटॉपचं झाकण लावलं. अंगावरचा शर्ट घामाने भिजलेला, गळ्यापाशी लाल झालेलं. दमतात फार. मालकाशी बोलायला हवं. पण नको — माझं तू बोलू नकोस म्हणाले आहेत.

बॅचेस आता चार झाल्या. नाव नोंदवताना लोक 'लॅपटॉपवाले सर' मागतात म्हणे.

१ डिसेंबर, रविवार

टेबलावर लॅपटॉप नाही. बॅग नाही. वायरसुद्धा नाही. मी घर शोधलं, मग ह्यांना विचारलं. ह्यांनी कागदावर लिहिलं — बेकरीवाल्याला देऊन आलो.

मी बघतच राहिले. एवढं करून झोपवलेला!  एवढंच विचारलं, मग आता तुम्ही कशाने बोलणार?

ह्यांनी पेन खाली ठेवलं. मान जरा मागे घेतली, ओठ घट्ट मिटले, काहीतरी गिळलं. चेहरा लाल झाला. मग घोगरा, खरबरीत, अर्धा ढेकर अर्धा माणूस असा एक आवाज खोलीत आला —

"पोटातून."

म्हणाले. टाइप नाही केलं, लिहिलं नाही. हे म्हणाले.